बेल्टच्या क्लिपचा चोर

कारखान्याच्या भांडारात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचा स्वभाव कसा होतो, हे बघायचं असेल तर आमच्या भांडारप्रमुखांच्या दारात सकाळी आठ वाजता उभं राहावं. दाराला तीन कुलपं! ती लावायची, एकेक ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि अर्ध्यातून परत वर येऊन पुन्हा ओढून बघायचं. बायको म्हणते, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे फोटोवाल्याकडेच संशयानं बघतायत." सगळी इमारत त्यांना कुलूपसाहेब म्हणते. तोंडावर नाही, अर्थात.

अशा माणसाच्या गाडीतून एक वस्तू नाहीशी झाली. एकदा नाही, चार वेळा!

वस्तू तशी बोटभर. तुमच्याही गाडीत असेल कदाचित, लाजू नका. सीट बेल्ट जिथे अडकवतात त्या खाचेत घालायची एक लोखंडी क्लिप. ती घातली की गाडीला वाटतं, मालकानं बेल्ट लावलाय. मग गाडी बीप बीप करत नाही, आणि मालक बेल्ट न लावता ऐटीत बसतो. कुलूपसाहेबांना बेल्टचा भारी तिटकारा. "चार किलोमीटरवर कारखाना, चाळीसच्या पुढे काटा जात नाही, कशाला ते गळ्यात लोढणं?" असं त्यांचं म्हणणं.

पहिली क्लिप गेली तेव्हा त्यांनी सीटखाली शोधलं. दुसरी गेली तेव्हा बायकोला विचारलं. तिसरी गेली तेव्हा त्यांचं डोकं भांडारातल्यासारखं चालू लागलं. गाडीची किल्ली कोणाकोणाच्या हातात जाते? आपल्या. बायको तर गाडी चालवत नाही. आणि मामांच्या!

मामा म्हणजे गाड्या धुणारे. इमारतीतल्या आठ गाड्या ते सकाळी सहाला धुवायला घेत. आतून पुसायची असेल त्या दिवशी किल्ली मागून घेत आणि धुऊन झालं की दारावर टकटक करून परत देत. सहा वर्षांत कोणाचं नाणंसुद्धा हललं नव्हतं. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की सहा वर्षं कोण मोजतो! साहेब स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या पडद्याआडून मामांवर डोळा ठेवू लागले. मामा गाडीत वाकले की साहेबांना वाटे, आता उचलली. मामांनी खिशात हात घातला की वाटे, आता टाकली खिशात. चौथी क्लिप त्यांनी मुद्दाम लाल रंगाची आणली. दोन दिवसांत तीही गेली.

मग मात्र साहेब तडक खाली उतरले.

"मामा, खिसे उलटे करा."

मामा बादली हातात घेऊन बघतच राहिले. "काय झालं साहेब?"

"काय झालं ते तुला चांगलं माहीत आहे!" साहेब 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मामांनी बादली खाली ठेवली आणि दोन्ही खिसे बाहेर काढले. एक रुमाल, एक बिडीचं बंडल, बस. वरच्या गॅलरीतून दोन बायका वाकून बघत होत्या. मामांचे कान लाल झाले.

"आज नसेल. आधीच विकली असशील. संध्याकाळी सहाला सगळ्यांना खाली बोलावतो. या इमारतीत तुझं काम बंद!"

मामांनी बादली उचलली. आठ गाड्यांवर त्यांचं घर चालायचं. थोरली मुलगी नर्सिंगला होती. चोर म्हणून एका इमारतीतून हाकललं, तर शेजारच्या इमारतीत कोण उभं करणार होतं?

त्या दिवसांत साहेबांची ताई घरी आलेली होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महिनाभर भावाकडे राहत होती, आणि रोज सकाळी भाऊ कारखान्याला जाताना तिला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सोडायचा. संध्याकाळी साहेब सभेला निघाले, तशी ताई म्हणाली, "जरा बस. तुझा चोर सापडलाय."

"मामाच ना?"

ताईनं चष्म्याचं घर उघडून टेबलावर उपडं केलं. चार क्लिपा! त्यातली एक लाल.

"ताई! तू?"

"मी. तू वर तीन कुलपं दोन-दोनदा ओढत असतोस तेवढ्यात मी तुझ्याकडून किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसते. काढली की पर्समध्ये. तुला तोंडानं तीनदा सांगून बघितलं होतं, आठवतंय? तू हसलास. म्हटलं, निदान बीप तरी वाजू दे."

साहेबांचा पारा चढला. "अगं, मी काय लहान मूल आहे? चाळीसचा तर वेग! आणि धडक बसलीच तर एअरबॅगची उशी उघडते पुढची. हात आहेत की मजबूत, धरीन स्टिअरिंग घट्ट."

"तुझ्या भांडारात सगळ्यात वरचा कप्पा किती उंच आहे?"

"सहा मीटर." साहेबांनी डोळे बारीक केले. ताई कुठल्या खड्ड्यात पाडतेय, याचा त्यांना संशय आला.

"तिथून सत्तर किलोचं पोतं सोडलं तर खाली उभा राहून हातांनी झेलशील?"

"वेड लागलंय का? हाडं मोडतील!"

"चाळीसच्या वेगात गाडी भिंतीला धडकली, तर तुला तेवढाच मार बसतो. दोन मजल्यांवरून पडल्याचा. आणि ते सत्तर किलोचं पोतं म्हणजे तूच. गाडी थांबते रे, तू थांबत नाहीस! तू त्याच चाळीसच्या वेगानं पुढे जात राहतोस, काच नाहीतर स्टिअरिंग आडवं येईपर्यंत."

"म्हणजे ऐंशीला चार मजले?"

"आठ! वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो."

साहेबांनी मनातल्या मनात आठ मजले मोजले. तरी एक शंका उरलीच. "पण उशी?"

"उशी बेल्टवाल्यासाठी केलेली आहे. पापणी लवायच्या आत ती तुझ्या अंगावर येते. बेल्ट नसेल तर तूही तिच्या अंगावर जातोस. बेल्ट काय करतो? जरासा ताणला जातो आणि तुला थांबायला वेळ देतो. झटक्यात थांबायचं ते जरा सावकाश. बस, एवढंच शास्त्र. तुझ्या भांडारात ट्रॉलीवरचा खोका पट्टा न लावता कोणी हलवला तर तू काय करतोस?"

"त्याची हजेरी कापतो," साहेब अनवधानानं बोलून गेले. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं.

"सगळं पुस्तकातलं आहे ताई," ते तरीही पुटपुटले. "प्रत्यक्षात…"

"प्रत्यक्षात?" ताईचा आवाज एकदम बदलला. "तुझे भावोजी कसे गेले?"

"तो टेम्पोवाला अचानक आडवा घुसला म्हणून! त्या नालायकाला मी…"

"अकरा वर्षं तू त्याला शिव्या देतोयस. मीही देऊ दिल्या. टेम्पोवाला मनगट मोडून घरी गेला, कारण त्यानं बेल्ट लावला होता. तेव्हा वेग किती होता सांगू? पस्तीस. पोलिसांच्या आवारात मी आपली गाडी बघायला गेले होते. बेल्ट लावलेला होता, पण सीटच्या पाठीमागून! त्यावर हे टेकून बसायचे. बीप वाजू नये म्हणून."

साहेबांनी टेबलावरची लाल क्लिप दूर सारली.

"मी रोज त्यांच्या शेजारी बसत होते. वर्गात मुलांना गतीचे नियम फळ्यावर लिहून द्यायचे, आणि घरी? म्हटलं, उगाच चिडतील. सकाळी सकाळी वाद कशाला! मी बोलले असते तर ते आज इथे बसलेले असते. आता दुसऱ्यांदा मी गप्प बसणार नव्हते. पण चोरी करताना माझ्या मनात एकदाही आलं नाही, की आळ मामांवर जाईल. ते माझं चुकलं."

ताई रडत नव्हती. साहेबच रडत होते. अरेरे! ज्या माणसानं घराची तीन कुलपं रोज दोन-दोनदा तपासली, त्यानं स्वतःचा जीव मात्र रोज सकाळी उघड्यावर टाकला होता!

खाली सगळे जमले होते. मामा कोपऱ्यात उभे, शेजारी रिकामी बादली. सोसायटीच्या सचिवांनी घसा खाकरला. "हं, काय चोरीला गेलंय म्हणे?"

साहेबांनी चारही क्लिपा सगळ्यांसमोर धरल्या. "या. आणि चोर माझ्याच घरात होता. माझ्या बहिणीनं मला वाचवायला काढल्या, आणि मी मामांचे खिसे तपासले. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी. मामा, मला माफ करा."

कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "पण हे आहे तरी काय?"

मामा कोपऱ्यातून पुढे आले. "साहेबांनो, आठ गाड्या पुसतो मी. सहा गाड्यांत ही क्लिप आहे. मला चोरायचीच असती, तर एकाच गाडीतून कशाला चोरली असती?"

सहा माना खाली गेल्या. सचिवांची सगळ्यांत आधी. ताईनं मग उभ्या उभ्या त्या दोन मजल्यांचा हिशेब सगळ्यांना समजावून सांगितला. ती बोलत असतानाच एकेक जण किल्ली घेऊन आपापल्या गाडीकडे सरकू लागला. मामांच्या रिकाम्या बादलीत लोखंड पडल्याचे खणखण आवाज आले. काही गाड्यांत दोन-दोन होत्या; एकंदर नऊ क्लिपा निघाल्या.

वाचकहो, आपण संशय कोणावर घेतो ते जरा बघा. गाडी धुणाऱ्यावर, टेम्पोवाल्यावर, शेजाऱ्यावर! आणि विश्वास कशावर टाकतो? बोटभर लोखंडावर, जे आपल्याच गाडीशी आपल्याच वतीनं खोटं बोलतं. गाडीला फसवता येतं, पोलिसाला फसवता येतं, पण गतीचा नियम कोणाच्या थापांना भुलत नाही. तो साहेब बघत नाही की शिपाई, चार किलोमीटर बघत नाही की चारशे. बेल्ट लावायला दोन सेकंद लागतात. आणि घरात कोणी लावत नसेल, तर वाद झाला तरी चालेल, पण बोला!

मामांचं काम सुटलं नाही. इमारतीतल्या गाड्या ते अजूनही धुतात, मात्र सातच. कुलूपसाहेबांनी दोनदा विनंती केली, पगार वाढवतो म्हणाले. मामांनी हात जोडले. "राग नाही साहेब. पण तुमच्या गाडीत वाकलो की मला खिसे आठवतात."

तेव्हापासून सकाळी सहाला साहेब आपली गाडी स्वतःच धुतात.