शिपायाला मिळालेलं वाक्य

चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावात दर चैत्राला जत्रेत नाटक व्हायचं, आणि दर चैत्राला अंगद मेंढपाळ दुसऱ्या अंकात मरायचा. मुका शिपाई! राजानं तलवार उगारली की ह्यानं आडवं व्हायचं, मग दोघांनी पाय धरून आत ओढायचं. बारा वर्षं हेच चाललेलं. "एवढं मरता, एकदा बोलून तरी मरा की!" बायको केवळाबाई चिडवायची.

नाटक लिहिणारे, बसवणारे आणि राजा होणारे एकच, व्यंकटराव देशमुख. एकोणीसशे सेहेचाळीस साली त्यांनी अंगदला वाड्यावर बोलावलं. "यंदा तुला मरायचं न्हाई अंगदा. भाला आपटायचा अन् म्हणायचं, 'जुलमी राजा, तुझी गादी आता रयतेची!'"

अंगदला आनंद कुठं ठेवू अन् कुठं नको झालं. त्याला अक्षरओळख नव्हती. व्यंकटराव रोज वाक्य घोकून घ्यायचे; पुढं पुढं ते नुसते ओठ हलवायचे, हा त्यावरून म्हणायचा. मेंढ्यांमागं हिंडतानाही तेच चालू, बिचाऱ्या मेंढ्या दचकायच्या.

निजामाच्या अमलात नाटकाची वही आधी अमीनसाहेबाला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, दाखवावी लागे. त्याचा शिक्का पडला की मगच पडदा वर. अंधारात माणसं जमवायला मनाई, म्हणून नाटक भर दुपारी. अमीन वही मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसला.

अंगदनं भाला आपटला आणि असा काही आवाज लावला, की माणसांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या! अमीन ताडकन उठला. त्यानं वही चाळली. वाक्य वहीत नव्हतंच.

"किसने लिखा ये?"

व्यंकटरावांनी मुकुट काढून हात जोडले. "हुजूर, वही तुमच्याजवळच हाय. हा अडाणी माणूस. यानं मनचं घातलं."

मनचं! बारा वर्षांत ज्याला रंगमंचावर मनानं खोकायचीही मुभा नव्हती, त्यानं!

"आसं कसं मालक? तुमीच तर रोज घोकून घेतलं! आरं बन्सीधर, तू व्हतास की तितं. सांग की!"

राणी झालेल्या बन्सीधरनं लुगड्याचा पदर तोंडावर ओढला. बाकीचेही जमिनीकडं बघायला लागले. आता अंगदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिहितंवाचतं माणूस घेतलं असतं, तर त्यानं वहीत डोकावलं असतं. म्हणून हा मान त्याला! ज्या माणसाला देवासारखं मानलं, त्यानंच असा गळा कापावा?

केवळाबाई गर्दीतून पुढं घुसली. "साहेब, ह्यांना सही करता येत न्हाई. गादीचं बोलणं ह्यांच्या डोक्यात येईलच कुठनं?"

अमीन थबकला. बाईचं बोलणं त्याला पटलेलं दिसलं. तो अंगदजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सच बोल. कुणी शिकवलं, त्याचं नाव पुन्हा एकदा नीट घे अन् घरी जा. का तूच बोललास, मनानं?"

नाव घ्यायचं म्हणून अंगदनं मान वर केली आणि व्यंकटरावांकडं पाहिलं. ते त्याच्याकडंच टक लावून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"माज्या मनानं," अंगद म्हणाला.

"आवं, काय बोललात हे!" केवळाबाईनं कपाळ बडवून घेतलं.

अंगदलाही कळेना, हे तोंडातून गेलं कसं. "न्हाई न्हाई, थांबा साहेब," असं तो ओरडला, तोवर अमीनच्या जवानानं त्याच्या मनगटाला दोरी आवळली होती.