आतून न उघडणारं दार

सूनबाईने घड्याळ पाहिलं. "बाबा, अर्धा तास. बरोबर साडेबाराला बदकांच्या तळ्यापाशी. आणि हिचा हात सोडायचा नाही."

"बरं," मी म्हणालो.

चाळीस वर्षं शाळेत साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेला माणूस मी. पण एका नातीसाठी असं निमूट 'बरं' म्हणायची वेळ माझ्यावर माझ्याच करणीने आली होती. गेल्या महिन्यात तिला शाळेतून आणताना वाटेत पाइप टाकायला चर खणलेला दिसला. मातीचे थर असे स्वच्छ दिसत होते की मी तिला ते समजावत तिथेच थांबलो. घरी पोचायला दोन तास उशीर झाला. तोवर सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि मुलगा पोलीस चौकीत जाऊन उभा राहिला होता. तेव्हापासून सुनेच्या पर्समध्ये पाळणाघराचा अर्ज होता. सोमवारी तो भरायचा की फाडायचा, म्हणजेच दुपारी तीन ते सहा नात माझ्याकडे राहणार की नाही, हे आजच्या सहलीवर ठरणार होतं. कुणी बोललं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

शहराच्या मधोमध राखलेलं ते शेत. चार गाई, शेळ्या, एक आडमुठं गाढव आणि मागे जुन्या अवजारांचं संग्रहालय. मुलगा-सून धाकट्या नातवाला घेऊन शेळ्यांकडे गेले. नातीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, म्हणून घरात ती बोळकी. तिला शेळ्या नको होत्या.

"आबा, ते घर खांबांवर का उभंय?"

ते घर नव्हतं, धान्याचं लाकडी कोठार होतं. प्रत्येक दगडी खांबाच्या डोक्यावर ताटाएवढा सपाट दगड.

"उंदीर खांबावरून वर चढला, तर त्याला काय आडवं येतं?"

"तो दगड!"

"आणि दगडाखालून उलटं लटकत चालता येतं का त्याला?"

"पालीला येतं."

"पण पाल कुठे धान्य खाते?"

ती खुदकन हसली. आम्ही पायऱ्या चढून आत गेलो. आत भिंतीलगत रिकामे लाकडी कप्पे, आणि भुशाचा जुना वास.

"हे दार बघ," मी म्हणालो. "बिजागऱ्या मुद्दाम तिरक्या बसवल्यात. सोडलं की आपल्याच वजनाने मिटतं. गडी विसरला तरी कोठार उघडं राहत नाही."

"खरंच?"

मुलांना नुसतं सांगू नये, करून दाखवावं, हा माझा जन्माचा नेम. दाराला लावलेला दगड मी पायाने बाजूला सारला. दार सावकाश आलं, मिटलं, आणि बाहेरून अडसर पडल्याचा ठक्क आवाज झाला.

"खरंच!" बोळकीने टाळ्या वाजवल्या. "आता उघड."

मी फळ्या चाचपल्या. आतून कडी नव्हती, दोरी नव्हती, साधं बोट घालायला भोकही नव्हतं. असेल कशाला? धान्याला कुठे बाहेर पडायचं असतं? खांदा लावून पाहिला. खांदा दुखला, दार हललं नाही. फोन सुनेच्या पर्समध्ये होता. माझ्याकडून हरवतो म्हणून तो तिथेच असतो.

भिंतीत बोटभर रुंदीची फट होती. तिच्यातून रखवालदार दिसला. दहा पावलांवरून किल्ल्यांचा जुडगा वाजवत चालला होता. एक हाक पुरली असती. पण मग तो चार माणसं गोळा करणार, बोभाटा तळ्यापर्यंत जाणार. त्यापेक्षा कुणीतरी कोठार बघायला येईलच, दार उघडेल, आम्ही हसत बाहेर पडू. मी हाक मारली नाही. रखवालदार शेडमागे गेला.

"आबा, आपण अडकलोय?"

"छे गं. कोठार आतून बघतोय."

"बघून झालं."

मी तिला कप्पे मोजायला लावले. एका कप्प्यात दहा पोती, तर साऱ्यांत किती? पहिल्या दोन गणितांची उत्तरं आली, तिसऱ्याचं आलं नाही. छपराचा पत्रा तापला होता. तिचा तळवा माझ्या हातात घामाने निसरडा झाला. कुणी आलं नाही.

मग बाहेरून सुनेची हाक आली. "बोळके! बाबा!" आणि मुलाचा आवाज, "तू गाईंकडे बघ, मी रस्त्यावर बघतो." सून पुन्हा हाका मारत होती. या वेळी आवाज फाटला होता.

मी श्वास घेतला; तेवढ्यात बोळकीनेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"थांब," ती कुजबुजली. "आधी ठरवू. दार मी लावलं असं सांगायचं. मला आई नुसती रागवेल. तू लावलंस म्हटलं तर पाळणाघर."

तिला सगळं माहीत होतं. आणि हाक गिळून गप्प कसं बसायचं, हे मी एवढ्या वेळात तिला बिनबोलता छान शिकवलं होतं. करून दाखवून.

मी तिचा हात बाजूला केला आणि फटीला तोंड लावून ओरडलो, "इथे आहोत! कोठारात!"

अडसर सुनेनेच उचलला. तिने बोळकीला ओढून पोटाशी धरलं.

"मी लावलं दार," बोळकी म्हणाली.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे आशा होती. तिलाही ते खरं असायला हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी लावलं. आणि रखवालदार समोरून गेला, तरी हाक मारली नाही."

"का?"

"तुला कळेल या भीतीने."

मुलगा धाकट्याला कडेवर घेऊन धापा टाकत आला, आमच्याकडे पाहून पायरीवरच बसला.

गाडीत मला मागे बसवलं, बोळकीला आईजवळ पुढे. सुनेने पर्समधून अर्ज काढला, पेन मागितलं आणि गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. नाव. वय. वेळ, तीन ते सहा.

"मग आबा दुपारी काय करेल?" बोळकीने विचारलं.

मुलाने गाडी सुरू केली.