चहाबरोबर भरलेला रकाना

“हे तुम्ही विचारूनच लिहिलंय ना?” डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.

नोंदणी कारकुनाने चष्मा पुसला. खरं तर चष्म्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. फुफ्फुसाच्या कर्करोगात क्वचितच सापडणारा एक जनुकदोष असलेल्या चौदा रुग्णांची यादी बाई करत होत्या. वय काय, बाई की पुरुष, सिगरेट ओढतात का. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले, त्यात बायकाच जास्त, आणि तेरा जणांपुढे ‘कधीच नाही’. चौदाव्या रुग्ण एक शिंपीणबाई, त्यांच्यापुढे तेवढं ‘हो’, आणि तेही त्याच्याच सुबक अक्षरात.

“विचारलंच असेल,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं की विचारलं नव्हतं.

बावीस वर्षं तो त्या खिडकीत बसत होता. छातीचा रुग्ण म्हटला की ‘हो’, हे त्याच्या बोटांना पाठच झालं होतं. रांग मोठी, मान वर करायला फुरसत नाही, म्हणून सकाळच्या चहाबरोबर वीस-पंचवीस फॉर्मांवर सिगरेटचा रकाना तो आधीच भरून ठेवी. कुणी ‘नाही’ म्हणालं तर खोडू, असा त्याचा विचार. पण विचारलंच नाही तर कुणी कशाला सांगतंय? शिवाय त्या दिवशी खिडकीशी सिगरेटचा वास आला होता. मग काय, गडी निश्चिंत.

“न ओढणाऱ्यांचे नमुने आपण जनुक-तपासणीला आधी पाठवतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांचा पाच महिने मागे राहिला. आता योग्य गोळी सुरू केलीय, गुणही येतोय. पण गेले ते महिने गेलेच. आज येतायत त्या. नीट विचारून घ्या.”

अकराच्या सुमारास शिंपीणबाई आल्या, थोरल्या भावाला घेऊन. भाऊ खिडकीत वाकला, आणि तोच वास आत आला. पाकीट त्याच्या खिशातून डोकावत होतं. कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सिगरेटचं विचारायचं होतं,” तो पुटपुटला.

“आता काय विचारता?” भाऊ म्हणाला. “तुमच्याच कागदावर वाचलं मी. घरात चोरून ओढत होती आणि आम्हाला पत्ता नाही. तीन महिने बोललो नाही हिच्याशी.”

शिंपीणबाई बोटावरच्या सुईच्या खुणा चोळत उभ्या राहिल्या.

‘नजरचूक झाली’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या बाईंची खाली गेलेली मान बघून त्याला स्वतःची किळस आली.

“यांनी सांगितलंच नव्हतं तसं,” तो म्हणाला. “मी विचारलंच नव्हतं. मनानंच लिहिलं. चूक माझी आहे, आणि तपासणीला उशीर झाला तोही त्यामुळेच.”

भावाचा चेहरा उतरला. त्याचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

“मग आता विचारा,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“कळलं हो मला. दुरुस्त करतो.”

“तसं नाही. विचारा. दादालाही ऐकू दे.”

बावीस वर्षांत त्याने तो प्रश्न असा पुरता कधी उच्चारला नव्हता.

“तुम्ही कधी सिगरेट ओढली आहे का?”

“नाही. कधीच नाही.”

त्याने ‘हो’ खोडलं, शेजारी ‘कधीच नाही’ लिहून सही केली आणि शिक्क्यासाठी हात उचलला. त्याच्या कोपराखाली आजच्या फॉर्मांचा गठ्ठा होता. सकाळी चहाबरोबर भरलेला. वरच्या कागदावरचं ‘हो’ खिडकीतून सरळ वाचता येत होतं.

शिंपीणबाईंनी ते वाचलं. मग मागे वळून बाकांवर बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

“यांनाही विचारा हं,” त्या हळूच म्हणाल्या.

त्याने मान हलवली, पण वर केली नाही.