झालरीखालचा एसी

मी एक जुना एसी आहे. नेमके सांगायचे तर अर्धा. मित्रांनो, एसीचे दोन भाग असतात. एक खोलीत, भिंतीवर उंच, पांढराशुभ्र, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुसरा गॅलरीत, पोटात पंखा घेऊन बसलेला. तो मी. आमच्या दोघांमध्ये एक भिंत आहे आणि भिंतीतून गेलेली तांब्याची नळी. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. त्यामुळे भांडणही झालेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण छापला होता. तो बाण खाली करूनच मला या घरी आणले.

माझे काम ऐकायला विचित्र वाटेल. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता नळीतून माझ्याकडे येते आणि मी ती बाहेर फेकतो. हिवाळ्यात उलटे. बाहेरच्या थंड हवेतून उरलीसुरली ऊब गोळा करायची आणि आत पाठवायची. खोली मी कधी पाहिली नव्हती. येणाऱ्या उष्णतेवरून अंदाज बांधायचो. हळूहळू वाढली, म्हणजे कुणी इस्त्री करत आहे. एकदम उसळली, म्हणजे पाहुणे आले. उसळली आणि उतरेचना, म्हणजे पाहुणे जेवायला थांबले. गारवा म्हणजे नक्की काय, हे कोडे मात्र मला कधी सुटले नाही. मी तो तयार करतो, एवढेच. मिठाईवाल्याला मधुमेह असावा, तसे.

कौतुक सगळे आतल्याचे. “काय गार खोली आहे!” असे म्हणताना लोक त्याच्याकडे बघत. त्याची जाळी काढून न्हाणीघरात धूत, सावलीत वाळवत. माझ्याकडे एक कबूतर यायचे, तेही चौकशीला नव्हे.

आणि मग सूनबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले.

या घरच्या सूनबाई प्रत्येक वस्तूला कव्हर शिवतात. मिक्सरला कव्हर, फोडणीच्या डब्याला कव्हर, रिमोटला कव्हर आणि त्या कव्हराला धूळ लागू नये म्हणून आणखी एक. ना थंडी ना उकाडा अशा दिवसांत मी बंद होतो, तेव्हा त्या गॅलरीत आल्या आणि हळहळल्या, “बिचारा, धुळीत उघडाच बसतो!” माझी मापे घेतली. जाड रेक्झिनचे, डोक्यापासून पायापर्यंतचे कव्हर शिवले आणि खाली झालर लावली. खरे सांगतो, मी हेलावून गेलो. माझ्यासाठी आजवर कुणी टेप काढली नव्हती.

थोड्याच दिवसांत माझ्यावर एक कुंडी आली. मग रद्दी. मी टेबल झालो. आत अंधारात बसून मी विचार करत राहिलो, की आता माझ्यावर आणखी काय ठेवतील?

मग उन्हाळा आला. घरच्या आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. ते नुकतेच दवाखान्यातून परतले होते, आणि डॉक्टरांनी बजावले होते, “यांना उकाडा अजिबात सोसायचा नाही.” एसी सुरू झाला. मी पंखा फिरवला, पण फेकलेली गरम हवा रेक्झिनला आपटून माझ्याच नाकात परत आली. ती पुन्हा फेकली, पुन्हा आली. शेवटी जीव कासावीस होऊन मी बंद पडलो. जरा निवलो की चालू, की पुन्हा बंद. खोली तापलेलीच.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या मुलाचा फोन आला. मोठ्याने बोलतो, मला गॅलरीतही ऐकू आले. “आज एसी सुधारला तर ठीक. नाहीतर संध्याकाळी येऊन अण्णांना घेऊन जातो. बॅग भरून ठेवा.”

“तुझं घर छान आहे रे,” अण्णा म्हणाले, “पण तिथे मी पाहुणा. पाय पसरायचे तरी आधी विचारावंसं वाटतं.”

“तब्येत महत्त्वाची, अण्णा. हट्ट नको.”

बॅग भरली गेली.

दुपारी मेकॅनिकताई आल्या. त्यांनी आतला भाग उघडला, जाळी धुतली, सगळे तपासले. “इथे काही दोष नाही. बाहेरचं युनिट कुठंय?”

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले.

“गच्चीवर असेल,” थोरला मुलगा म्हणाला.

“असेल म्हणजे? घर तुमचंच ना?”

दोघे गच्चीवर गेले, तिथे सापडलेले युनिट पाण्याच्या फवाऱ्याने लख्ख धुतले आणि खाली आले. खोली तशीच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. “अहो, आमची खोली आज एकदम गार झालीय! काय झालं असेल हो?”

“सर्व्हिसिंग,” ताई थंडपणे म्हणाल्या.

मग शोधमोहीम सुरू झाली. घरातले एकेक कव्हर उघडले. एकाखाली रेडिओ निघाला, एकाखाली पाटा-वरवंटा, आणि एकाखाली नुसतेच दुसरे कव्हर.

“अगं, शिवलंस तूच ना सगळं?” थोरला वैतागला.

“शिवायचं मी आणि लक्षातही मीच ठेवायचं? अहो, मग तुम्ही काय करणार, फक्त घामाघूम होणार?”

ताई दमून गॅलरीत आल्या. सूनबाईंनी चहा दिला. ताईंनी कप टेबलावर ठेवला. म्हणजे माझ्या डोक्यावर. मी नेमका तेव्हा पुन्हा सुरू होण्याची धडपड करत होतो.

दारात खुर्ची टाकून बसलेले अण्णा टक लावून बघत होते. “ताई, तुमचा कप चालतोय.”

खरेच, कप थरथरत काठाकडे निघाला होता. ताईंनी तो पकडला, खाली वाकल्या आणि झालर उचलली.

“अगंबाई!” सूनबाई म्हणाल्या. “हा होय!”

कव्हर निघाले. ताईंनी मला आधी निवू दिले. मग माझ्या पाठीत साचलेला गाळ धुऊन काढला, वाकलेले पातळ पत्रे बारीक कंगव्याने विंचरले. सूनबाई कव्हराची घडी घालत म्हणाल्या, “झालर तरी चांगली दिसत होती ना?” ताई कंगवा पुसत राहिल्या. उत्तर मी दिले असते.

मी सुरू झालो. नळीतून खोलीची साचलेली उष्णता धो धो येऊ लागली आणि मी ती रस्त्यावर भिरकावत राहिलो. बाजूच्या काचेच्या दारावरचा नेहमी ओढलेला पडदा आज शोधाशोधीत सरकला होता. पहिल्यांदाच मला खोली दिसली. लहानशी आहे. मला महाल वाटला होता.

एसी सुधारल्याचे कळवायला सगळेच विसरले, आणि संध्याकाळी धाकटा आला, उन्हातून गाडी हाकून लाल झालेला. “अण्णा, चपला घाला. मी इथे दोन मिनिटं टेकतो फक्त.” टेकला, आणि बघता बघता घोरू लागला.

अण्णा चपला न घालताच त्याच्याजवळ गेले. भरलेली बॅग उघडून चादर काढली, त्याच्या अंगावर घातली आणि हळूच म्हणाले, “सूनबाई, याच्या जेवणाचं बघा. आज हा राहतोय आपल्याकडे.”

मित्रांनो, ऋतू बदलला की एकदा गॅलरीत या. आमची पाठ धुवा, समोरची जागा मोकळी ठेवा. माया आली तर जरूर करा, आम्ही नाही म्हणणार नाही. फक्त माप घ्यायच्या आधी, आमचे नाक कुठे आहे ते बघा.