चारशे अकरामध्ये लग्नाचा वाढदिवस

समुद्र दिसणारी खोली सांगितली आणि समुद्र काही दिसला नाही, अशी तक्रार घेऊन एक गिऱ्हाईक माझ्या ऑफिसात आलं होतं. मी म्हटलं, "साहेब, ओहोटी असणार." आता ते शहर होतं डोंगरात. तरी माणसाची समजूत पटली आणि पुढच्या वर्षी तो सासुरवाडीलाही माझ्याकडेच घेऊन आला. दुसऱ्या एकाला मी अशा हॉटेलात उतरवलं होतं की तिथली लिफ्ट फार सावकाश चालायची. गडी तळमजल्यावर शिरला तेव्हा दाढी गुळगुळीत होती, नवव्या मजल्यावर बाहेर आला तेव्हा बायकोने ओळखलं नाही. यातलं खरं किती ते विचारू नका. परदेशातल्या हॉटेलांची बुकिंग करून देणं हा माझा धंदा, आणि न पाहिलेल्या खोलीचं वर्णन करायचं तर थोडं तिखटमीठ लागतंच.

हा धंदा माझ्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, कधीच पटला नाही. त्यांचं सगळं स्वतःच्या हाताने. केस स्वतः कापायचे, त्यामुळे मागून पाहिलं की उंदराने कुरतडलेली सतरंजी आठवायची. एकदा किडलेली दाढ स्वतःच पकडीने उपटली. ती शेजारची निघाली, म्हणून मग किडलेलीही उपटली. "मधला माणूस म्हणजे दुधातलं पाणी," असं ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

भाचा बापावर गेला होता. नोकरी लागल्यावर पहिली मोठी सुट्टी मिळाली तशी एकटाच परदेशी भटकायला निघाला. निघायच्या आधी ताईकडे जेवायला बसलो होतो, तेव्हा त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"मामा, तुमचं दुकान आता बंद होणार. ही बघा खोली. तुमच्यापेक्षा स्वस्त, फोटोसकट."

"फोटोत मीसुद्धा देखणा दिसतो रे."

"तू? कुठल्या फोटोत?" ताईने भात वाढता वाढता मला चिमटा काढला.

"हस, हस. अरे सोन्या, एजंट म्हणजे शिव्या द्यायला हक्काचा माणूस. तिथे काही बिनसलं तर कोणाच्या नावाने खडे फोडशील?"

"बिनसलं तर हॉटेल बदलेन. दोन बटणं दाबायची."

"शाब्बास!" भाऊजी म्हणाले, आणि पोराच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसका लागला.

तो गेला. पोचल्यावर आईला फोन केला, दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी नाही केला. ताईने लावला तर नुसतीच रिंग वाजत राहिली. मग तीही वाजेना. "पोरगं मजा करतंय, उगाच मागे लागू नकोस," असं भाऊजी म्हणत राहिले. आठवडा असाच गेला.

पोरगं त्या हॉटेलच्या खोलीतच गेलं होतं. हृदय बंद पडलं, असं पुढे कागदांवर आलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याला तर तिथून उचलून नेलं, पण कळवायचं कोणाला? हॉटेलकडे त्याच्या नावापलीकडे होता तो त्याचा ईमेल. बुकिंगच्या वेबसाइटकडेही तोच. मग हॉटेलने काय करावं? त्या पत्त्यावर रीतसर पत्र पाठवलं: आपल्या निधनाची बातमी कळवताना आम्हांस अत्यंत दुःख होत आहे, कृपया आपल्या नातेवाइकांचा संपर्क त्वरित कळवावा. मेलेल्या माणसाला त्याच्याच मरणाची बातमी. उत्तर येईना, तेव्हा स्मरणपत्रही धाडलं. मी जन्मभर थापा मारल्या, पण ही मला सुचली नसती.

शेवटी दारात पोलीस आला. त्यानंतर पेटी आली, सीलबंद. उघडू नका, बरेच दिवस झालेत, असं बजावून सांगितलं होतं. सोबत त्याची बॅग आली. तिच्या मुठीला हॉटेलचा पट्टा होता, त्यावर खोलीचा नंबर, चारशे अकरा.

ताई रडली वगैरे ते सगळं झालं. मग पुष्कळ दिवसांनी, शेंगा सोलता सोलता, ती म्हणाली, "मला त्या खोलीत जायचंय."

"अगं, तिथे काय आहे आता?" भाऊजी म्हणाले.

"मी त्याचं तोंड पाहिलं नाही. निदान शेवटी त्याला काय दिसलं ते तरी बघते. त्या गादीवर पडायचं आणि वर बघायचं. एक रात्र. मग तुम्हाला कधी काही मागणार नाही."

भाऊजींनी स्वतः हॉटेलला लिहिलं. खरं खरं लिहिलं: आम्ही त्याचे आईबाप, तीच खोली हवी. उत्तर आलं, क्षमस्व, खोली शिल्लक नाही. दुसरी तारीख कळवली, क्षमस्व. पुढच्या वर्षीची कळवली, तरी क्षमस्व. त्याच दिवशी मी आपली सहज चौकशी केली, तर निम्मं हॉटेल रिकामं.

मग भाऊजी माझ्या ऑफिसात आले. यापूर्वी ते तिथे फक्त पंखा दुरुस्त करायला आले होते, तेही न बोलावता. या वेळी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"एक विचारू?"

"विचारा की, भाऊजी."

"त्याचं बुकिंग तुझ्याकडून असतं तर?"

"तर तो वाचला नसता."

"ते नाही विचारलं मी."

मी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. "तर हॉटेलने मला फोन केला असता. त्याच सकाळी."

त्यांनी मान हलवली. एकदा पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला ती खोली मिळवून दे. कशीही."

आता आमच्या धंद्यात खोलीचा प्रकार विकतात, नंबर नाही विकत. नंबर ठरतो काउंटरवर पोचल्यावर. तोच नंबर हवा तर कारण लागतं, आणि हॉटेलांना आवडणारी कारणं दोनच: मधुचंद्र आणि लग्नाचा वाढदिवस. मी एजन्सीच्या नावावर बुकिंग टाकलं आणि फोनवर मॅनेजरला गोष्ट रंगवून सांगितली. हे वयस्कर जोडपं पूर्वी तुमच्याकडे उतरलं होतं, घटस्फोटाला निघालेलं, चारशे अकरामध्ये त्यांचं मिटलं, आता लग्नाला चाळीस वर्षं होतायत. मॅनेजर फोनवरच नाक ओढायला लागला. खोली पक्की.

मी सोबत गेलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडले, आडनाव वाचलं आणि थबकली. ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "ओळखलं का रे?" तेवढ्यात मुलीने मान वर केली, गोड हसली आणि डोळा मारल्यासारखं करून चावीचं कार्ड पुढे सरकवलं. ते हसणं पाहिलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. या धंद्यात केस पिकलेत माझे. वाढदिवस म्हटल्यावर हॉटेल काय काय करतं ते मला ठाऊक असायला हवं होतं.

ताईने दार उघडलं.

पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. आणि छतभर फुगे, चंदेरी आणि लाल, एकाला एक चिकटलेले. छत दिसतच नव्हतं.

"हे काय रे?" ताई म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मागून टाळ्या सुरू झाल्या. मॅनेजर, काउंटरवरची मुलगी, दोन वेटर, केक, कॅमेरा. मॅनेजरने ताईच्या हातात सुरी दिली. तिने माझ्याकडे बघितलं.

"ताई, नाही म्हटलीस तर विचारतील," मी मराठीत म्हटलं. "कळलं तर खोली जाईल."

तिने सुरी नीट धरली. मग भाऊजींचा हात धरून सुरीवर ठेवला. "अहो, हसा जरा. नाहीतर काढतील आपल्याला."

भाऊजी हसले. तसं हसू मी कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही, आणि पाहायचंही नाही. त्यांनी केक कापला, एकमेकांना भरवला, फोटो निघाला. "एकमेकांचं चुंबन घ्या," असं कॅमेऱ्यावाला म्हणत होता, त्याचं मी भाषांतर केलं नाही.

सगळे गेले. एक बाई मात्र गेली नव्हती. खोल्या झाडणारी, पन्नाशीची, निळा एप्रन. ती आत आलीच नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून एकटक ताईच्या तोंडाकडे बघत होती. भाच्याचे नाकडोळे अगदी ताईचे होते. बाईने मला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" ताईने विचारलं.

"तू त्याची आई का, म्हणून विचारते."

"सांग तिला, हो." ताईचा आवाज हलला नाही. "आणि विचार, हिलाच सापडला का तो. कसा होता ते विचार."

मी विचारलं. बाई खालच्या आवाजात बोलली, थांबत थांबत. मी ऐकलं आणि म्हटलं, "झोपेत गेला गं. पलंगावर. पांघरूण घेऊन."

पण बाई बोलता बोलता हाताने दाखवत होती. पलंगाकडे तिने पाहिलंही नव्हतं. ती दाखवत होती दाराशी, आतल्या बाजूच्या गालिच्याकडे. मग तिने आपला हात वर नेला, दाराच्या मुठीपर्यंत पोचायच्या आधीच तो थांबवला आणि खाली पाडला. दार आत ढकलताना जड लागलं होतं, ते तिने खांद्याने करून दाखवलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. "कोणाला फसवतोस?"

बाईने तिच्या दंडाला हात लावला आणि निघून गेली. मी दार लोटलं. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाहेर अजून चांगला उजेड होता, पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी पुसत होतं.

ताईने चपला काढल्या. पदर खोचला आणि दाराशी गालिच्यावर आडवी झाली, कुशीवर, गाल जमिनीला टेकवून. भाऊजी वळले. "अगं, अशी खाली काय—" म्हणाले आणि पलंगाच्या कडेला टेकले.

ती बराच वेळ तशीच पडून होती. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या दिव्यांची पट्टी तिच्या डोळ्यांवर पडली होती. बाहेरून माणसं चालत गेली, बॅगेची चाकं गेली, एक मूल पळत गेलं. दर वेळी ती पट्टी मिटायची आणि उघडायची.

"सगळ्यांचे पाय दिसतात रे इथून," ताई म्हणाली. "अगदी जवळून जातात."