उजवा गाल, डावा गाल

बायको गेल्यावर भिंगांनी घरातला सगळा जुन्या फोटोंच्या फिल्मचा संसार स्कॅन करायला काढला. भिंग हे त्यांचं छापखान्यातलं टोपणनाव. चौतीस वर्षं प्रुफं तपासत त्यांनी इतरांच्या चुका पकडल्या होत्या आणि त्या पकडताना चेहऱ्यावरचा आनंद कधी लपवला नव्हता.

आठ महिने सकाळचा चहा घेऊन ते संगणकापुढे बसत. सॉफ्टवेअर धूळ पुसायचं, ओरखडे भरायचं, उडालेला रंग परत आणायचं. पडद्यावर बायको उजव्या गालाला खळी पाडून हसायची. भिंग तिला दूधवाल्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगायचे. मध्येच बोलणारं कोणी नसल्यामुळे गप्पा छान व्हायच्या.

वर्ष भरत आलं तेव्हा हॉलमध्ये लावायचा फोटो निवडायला मुलगी आली. दोन मिनिटं पडद्यावरच्या दोघांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही घड्याळ उजव्या हातात कधी घालायचात?"

"मी? कधीच नाही."

"मग इथे? आणि शर्टाचा खिसाही उजवीकडे?"

भिंगांनी चष्मा पुसला. मग स्कॅनरच्या साच्यातली फिल्मची पट्टी काढून उजेडात धरली. चकचकीत बाजू वर, मंद बाजू खाली. असायला हवं होतं बरोबर उलट. चारशे बारा फोटो आरशातल्यासारखे उलटे निघाले होते.

"म्हणजे खळी डाव्या गालाला होती," मुलगी म्हणाली.

"छे! उजव्याच."

"अहो, घड्याळ काय खोटं बोलतंय?"

भिंग उठून आतल्या खोलीत गेले. मुलगी मागोमाग गेली तर ते भरदुपारी पलंगावर, आपल्या बाजूला, कुशीवर आडवे.

"बाबा! बरं वाटत नाहीये का?"

"गप गं. कुठला गाल दिसायचा ते बघू दे." रिकाम्या उशीकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काही उपयोग नाही. माझ्या घोरण्यापायी ती भिंतीकडे तोंड करून झोपायची."

मुलीला हसू आलं आणि मग ते आवरेना, मग ते हसू राहिलं नाही.

परत येऊन तिने एक बटण दाबलं. चित्र उलटलं. भांग इकडचा तिकडे गेला, खळी डाव्या गालावर आली. भिंग पुढे वाकले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पाहिलेला चेहरा तो हाच असणार. ओळखीची बाई दुसऱ्या गावी अचानक भेटावी तसे ते बघत राहिले. नमस्कार करावा की नाही, अशा विचारात.

"ही आई," मुलगी हळूच म्हणाली.

"असेल. असणारच." त्यांनी मान हलवली. "भिंतीवर हीच लाव. लोकांना चुकीची दाखवायला नको."

"आणि त्या उलट्या पुसून टाकू?"

भिंगांचा हात माऊसवर आला, तिच्या हातावरच.

"नको. आठ महिने रोज चहा घेतलाय मी तिच्याबरोबर."