लख्ख काच

धप्प आवाज झाला तेव्हा काचवाली परसबागेत पाण्याची ताटली भरत होती. तिला वाटलं, आत नवराच खाटेवरून पडला. हातातला तांब्या टाकून ती धावली आणि खिडकीपाशी थबकली. खाली बुलबुल पडला होता. तिनं त्याला ओंजळीत घेतलं. अंग अजून गरम होतं, मान मात्र कलंडत होती.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली. "असं नको करूस."

मग तिची नजर वर गेली. काचेत सगळी बाग दिसत होती, झाडं, आभाळ, ती स्वतः. मधोमध पिसांचा पुसट ठसा.

उभा जन्म तिनं मोठमोठ्या कचेऱ्यांच्या काचा पुसल्या होत्या. खरं नाव कुणी विचारलं नाही, काचवाली म्हणूनच ती ओळखली गेली. पुसल्यावर तिथं काच आहे हेच कळता कामा नये, असा तिचा तोरा. एकदा एका साहेबानं तिच्या काचेच्या दारावर कपाळ आपटून घेतलं, तर हिला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं होतं.

सुतारकाम करणाऱ्या नवऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. भरवलं तर खायचा, बोलणं बंद. हिनं सगळे उपाय करून पाहिले. शेवटी खिडकीसमोर पाणी ठेवलं, फळांच्या फोडी ठेवल्या, गवत वाढू दिलं. शेजारीण नाक मुरडायची. "अगं, साप निघेल एखाद दिवशी." आधी फुलपाखरं आली, मग सरडा, मग बुलबुल. एका सकाळी नवऱ्यानं आपणहून कूस बदलली.

"जोडी आहे गं," तो म्हणाला.

तेवढ्यानं ती मोरीत जाऊन पोटभर रडली. त्याला सगळं नीट दिसावं म्हणून काल तिनं धुळीनं माखलेली ती काच जीव ओतून पुसली होती.

बुलबुलाला गवतावर ठेवून ती आत गेली. नवरा पुन्हा भिंतीकडे वळला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं, तिला विचारायची गरजच नव्हती.

"अहो, मीच मारला त्याला," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी."

बाहेर कपड्यांच्या तारेवर दुसरा बुलबुल ओरडत होता. तो खिडकीच्या दिशेनं झेपावला, ऐनवेळी वळला आणि परत तारेवर बसला.

तिनं मोरीतला साबण उचलला, ओला केला आणि बाहेर जाऊन काचेवर आडवेतिडवे फासू लागली. हातांना नीट जमत नव्हतं. चांगली काच मळवायची सवय कुठे होती त्यांना? मग साबण टाकून ती नुसत्या बोटांनीच फराटे ओढत राहिली. शेजारीण कुंपणावरून बघत होती. बघू दे.

"अगं," उघड्या दारातून आवाज आला. जड, अडखळत. "वरचा कोपरा राहिला."

फराट्यांमधून तिला त्याचा चेहरा दिसला, खिडकीकडे वळलेला. तिनं टाचा उंचावल्या आणि त्या कोपऱ्यात साबणाचा आख्खा पंजा उमटवला.